मॉसचा जीनोम आणि नव्या प्रजाती: एकगुणित रोपात दोन ॲलील दिसली तर काय समजायचं?

रानहिरवा

मॉसच्या जीनोमवर काम करताना एक सोय आयती मिळते आणि तिचा वापर फार थोडे लोक नीट करतात, म्हणून हा धागा.

आपल्याला दिसतं ते हिरवं रोप म्हणजे गॅमेटोफाइट. ते एकगुणित असतं, प्रत्येक गुणसूत्राची एकच प्रत. द्विगुणित असतो तो फक्त स्पोरोफाइट, म्हणजे रोपावर उगवणारा दांडा (सीटा) आणि त्याच्या टोकाची कुपी. त्यामुळे हिरव्या रोपाच्या डीएनएत एकाच जागी दोन वेगळी ॲलील (त्याच जागेची वेगळी रूपं) दिसायलाच नकोत. दिसलीच तर कारणं तीन. नमुन्यात दुसरं काहीतरी मिसळलंय. किंवा जनुकाच्या दोन जवळच्या प्रती असेंब्लीत (डीएनएचे वाचलेले तुकडे जोडून जीनोम उभा करताना) एकीवर एक बसल्यात. किंवा रोपात खरोखरच दोन जीनोम नांदतायत. हे तिसरं कारण म्हणजे संकरातून आलेली बहुगुणित प्रजाती, म्हणजे जीनोमचे जादा संच बाळगणारी.

याचं नमुनेदार उदाहरण प्लॅजिओम्नियम मीडियम. मॉसमधली बहुगुणितता म्हणजे एकाच प्रजातीचा जीनोम दुप्पट होणं, दोन प्रजातींचे जीनोम एकत्र येणं नव्हे, असा समज बराच काळ होता. १९८८ साली वायट आणि सहकाऱ्यांनी आयसोझाइम (एकाच विकराची वेगळी रूपं) वापरून दाखवलं की मीडियममध्ये इलिप्टिकम आणि इन्सिग्ने या दोन प्रजातींचे जीनोम एकत्र आहेत. आईवडिलांची गुणसूत्रं ६-६, मीडियमची १२. क्लोरोप्लास्टचा डीएनए इन्सिग्नेकडून आलेला, म्हणजे आई ती. आणि ही घटना एकदाच नव्हे, स्वतंत्रपणे अनेकदा घडलेली आहे. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते. तेच दोन पालक पुन्हा पुन्हा भेटतात आणि दर वेळी ओळखू येण्याइतकी सारखी प्रजाती तयार होते. मग तिचा जन्म एकच मानून काढलेला वंशवृक्ष मुळातच चुकतो.

जुन्या काळातली उलथापालथ फिस्कोमिट्रियम पेटन्समध्ये (पूर्वीचं नाव फिस्कोमिट्रेला) वाचता येते. २००८ साली त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला, २०१८ साली तो गुणसूत्रांच्या पातळीवर जोडला गेला. मूळ ७ गुणसूत्रं; दोनदा संपूर्ण जीनोम दुप्पट झाला, मध्ये काही गुणसूत्रं तुटली, काही जोडली गेली, आणि आज २७ आहेत. पहिलं दुपटीकरण साधारण ४ ते ५ कोटी वर्षांपूर्वीचं, दुसरं ३ कोटींच्या आसपासचं. आज मात्र हे रोप सगळ्या व्यवहारात एकगुणित म्हणूनच वागतं. "एकगुणित" हा शब्द पिढीबद्दल आहे. इतिहासात जीनोम किती वेळा दुप्पट झाला हे त्यातून कळत नाही.

ज्यांनी फ्लो सायटोमेट्री (केंद्रकातला डीएनए रंगवून मोजणं), के-मर (डीएनएचे ठरावीक लांबीचे तुकडे मोजणं) किंवा संकर यांवर हात चालवलाय त्यांनी तपशील टाकावेत. कुठे फसगत होते ते आवर्जून.

कोयनाकाठ

फ्लो सायटोमेट्रीबद्दल लिहितो, कारण सर्वाधिक चुकीचे निष्कर्ष इथेच निघतात.

मॉसचे जीनोम एकूण लहान. मोजलेल्या प्रजातींत एकगुणित डीएनए साधारण ०.१७ ते २ पिकोग्रॅम, म्हणजे जेमतेम बारापट फरक. सपुष्प वनस्पतींत हाच फरक दोन हजार पटींच्या वर जातो. त्यामुळे मॉसमध्ये दुप्पट आकडा दिसला की "बहुगुणित!" म्हणायचा मोह होतो.

कृती अशी. कोवळी टोकं २० ते ५० मिलिग्रॅम, थंडगार काचेच्या बशीत १ मिली बर्फगार बफरमध्ये (एलबी०१ किंवा गॅलब्रेथ) नव्या ब्लेडने बारीक चिरायची. चिरायची, चेचायची नाहीत; चेचलं की केंद्रकं फुटतात आणि आलेखात नुसता कचरा येतो. बफरमध्ये १ टक्का पीव्हीपी घालावं, नाहीतर फिनॉल्स रंगद्रव्याला बांधू देत नाहीत आणि शिखर डावीकडे सरकतं. ३० ते ४० मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतून गाळून आरएनेझ आणि प्रोपिडियम आयोडाइड प्रत्येकी ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली. आरएनेझ वगळलं तर प्रोपिडियम आरएनएलाही चिकटतं आणि आकडा फुगतो. तुलनेची वनस्पती (जिचा डीएनए किती ते आधीच माहीत आहे) त्याच बशीत, मॉसबरोबरच चिरायची. वेगळी चिरून नंतर मिसळली तर फिनॉल्सचा परिणाम दोन्हींवर सारखा होत नाही.

तुलनेला काय घ्यायचं? बरेच जण मुळा घेतात, १.११ पिकोग्रॅम. पण पेटन्सचा एकगुणित डीएनए ०.५३, म्हणजे प्रत तयार झाल्यावर १.०६. ही दोन शिखरं एकमेकांत शिरतात. तिथे टोमॅटो (१.९६) बरा. आणि तुमच्याकडे द्विगुणित पेटन्स असेल तर त्याचं वरचं शिखर २.१२ वर येतं, मग टोमॅटोही नको, सोयाबीन (२.५०) घ्या.

आता मुख्य सापळा. पेटन्सच्या तंतूंतल्या (प्रोटोनिमा) क्लोरोनिमा पेशी बहुतांश जी-२ अवस्थेत थांबलेल्या असतात, म्हणजे डीएनएची प्रत काढून झालेली पण विभाजन बाकी. त्यामुळे सर्वांत उंच शिखर १सी (डीएनएची एक प्रत) चं नसून २सी (दोन प्रती) चं असतं. उंच शिखरालाच "एकगुणित" धरलं की जीनोमचा आकार दुप्पट निघतो. आणि १सी चं बारकं शिखर दिसूनही मोठ्यालाच महत्त्व दिलं तर एकगुणित रोप द्विगुणित ठरतं. तंतूंतल्या दुसऱ्या प्रकारच्या, कॉलोनिमा पेशी जी-१ मध्ये (प्रत काढण्याआधी) जास्त असतात, म्हणून तंतूंचं वय आणि माध्यम बदललं की शिखरांचं प्रमाण बदलतं. त्याच रोपाचे एका आठवड्याचे आणि तीन आठवड्यांचे तंतू दोन्ही चालवून बघा. शिखरांच्या जागा तशाच राहून नुसती उंची बदलली तर तो पेशीचक्राचा खेळ आहे.

याखेरीज बऱ्याच मॉसमध्ये पानांच्या पेशी आपला डीएनए विभाजनाशिवाय दुप्पट-चौपट करतात. सर्वांत डावीकडचं शिखर धरायचं, तेही कोवळ्या टोकांतलं. स्फॅग्नम या मॉसमध्ये हा प्रकार दिसत नाही, तिथे आलेख स्वच्छ येतो.

मृगसरी

के-मरचा भाग मी घेते.

एका रोपाचा, १५० बेसच्या रीड्सचा (वाचलेल्या तुकड्यांचा), ३० पट डेटा आहे असं धरा, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचलेली; हीच खोली. २१ चा के-मर घेतला तर के-मरची खोली ३० × (१५० − २१ + १) ÷ १५०, म्हणजे २६ येते. स्वच्छ एकगुणित रोपात २६ वर एकच सुबक शिखर. ५२ च्या आसपास छोटा उंचवटा असतो तो पुनरावृत्तीचा, त्याकडे बघून घाबरू नये. संकर-बहुगुणितात, प्रत्येक उपजीनोमला (एका पालकाकडून आलेल्या जीनोमला) ३० पट खोली असेल तर, २६ वर प्रत्येक उपजीनोमचे वेगळे के-मर आणि ५२ वर दोघांचे सामायिक अशी दोन ठळक शिखरं येतात. पालक जितके दूरचे तितकं २६ चं शिखर मोठं. पालक फारच दूरचे असतील तर ५२ चं शिखर जवळजवळ नाहीसं होतं आणि आलेख साध्या एकगुणितासारखा दिसतो, फक्त जीनोमचा आकार दुप्पट निघतो. म्हणून आलेखाबरोबर फ्लो सायटोमेट्रीचा आकडा हवाच.

जीनोमस्कोपला (के-मरच्या आलेखावरून जीनोमचा अंदाज काढणारं सॉफ्टवेअर) प्लॉइडी (जीनोमच्या प्रतींची संख्या) १ सांगून चालवलं की सगळं ठीक असल्यासारखं वाटतं. व्हेरियंट (डीएनएतले फरक) काढतानाही तेच. जीएटीके या त्यासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लॉइडी १ दिली की प्रत्येक जागी त्याला एकच ॲलील निवडावं लागतं, आणि तुमचा सगळा पुरावा तिथेच पुसला जातो. पहिला फेरा मुद्दाम प्लॉइडी २ देऊन करा आणि मिश्र जागा मोजा. स्वच्छ एकगुणितात त्या अगदी थोड्या असतात, आणि त्याही ठरावीक ठिकाणी गठ्ठ्याने.

मग त्या मिश्र जागांवर दोन ॲलीलच्या रीड्सचं प्रमाण काढा. रानहिरवा यांनी दिलेली तीन कारणं इथे वेगळी होतात. भेसळ असेल तर प्रमाण वाटेल ते येतं, ९०:१० वगैरे, आणि त्याच उशीतल्या दुसऱ्या रोपात ते बदलतं. असेंब्लीत प्रती एकीवर एक बसल्या असतील तर प्रमाण ५०:५० येतं, पण त्या जागेची खोली आजूबाजूच्या दुप्पट असते, आणि हे सुट्या तुकड्यांत होतं, सगळ्या जीनोमभर नाही. संकर-बहुगुणितात ५०:५० प्रमाण सगळीकडे, प्रत्येक रोपात त्याच जागांवर. संदर्भ जीनोम एकाच पालकाचा असेल तर मात्र त्या पालकाचे रीड्स जास्त चांगले बसतात आणि प्रमाण ६०:४० कडे झुकतं. ते भेसळ समजून नमुना फेकू नका.

शेवटची कसोटी संततीची. कुपी फोडून बीजाणूंपासून दहा-बारा रोपं वाढवा. संकर-बहुगुणितात दोन्ही ॲलील प्रत्येक पिल्लात जशीच्या तशी उतरतात, कारण प्रत्येक उपजीनोमची गुणसूत्रं आपल्या जोडीदाराशीच जुळतात. पिल्लांत ती विभागली जात असतील तर काहीतरी वेगळं चाललंय.

निळीशाई

मृगसरी, एक भर. के-मरची पद्धत एका प्रकारच्या बहुगुणिताला पूर्ण आंधळी आहे. द्विलिंगी मॉसमध्ये (नर-मादी दोन्ही अवयव एकाच रोपावर) त्याच रोपाचा शुक्राणू त्याच रोपाच्या अंडपेशीला फळवू शकतो. दोन्ही एकाच एकगुणित जीनोमच्या हुबेहूब प्रती असल्यामुळे स्पोरोफाइट एका फटक्यात शंभर टक्के समयुग्मी (दोन्ही प्रती सारख्या) होतो. सपुष्प वनस्पतीत हे साधायला पिढ्यानपिढ्या स्वपरागण लागतं. अशा स्पोरोफाइटपासून द्विगुणित हिरवं रोप निघालं तर त्यात दोन जीनोम आहेत, पण वेगळं ॲलील एकही नाही. के-मरला एकच शिखर, मिश्र जागा शून्य. तिथे फ्लो सायटोमेट्री आणि पेशींचा आकारच खरं सांगतो.

रानहिरवा

निळीशाई, हे महत्त्वाचं. स्पोरोफाइटपासून हिरवं रोप काढायची कृतीही टाकाल का? मॉसमधली नवी प्रजाती प्रयोगशाळेत हाताने घडवण्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट तीच आहे.

निळीशाई

बेल्जियमच्या मार्शाल पितापुत्रांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच हे केलं होतं, पुढे जर्मनीत फ्रिट्झ फॉन वेटस्टाइन यांनी. बीजाणू तयार होण्याची वाट न बघता स्पोरोफाइटच्या पेशींपासून थेट तंतू उगवतात आणि त्यावर द्विगुणित हिरवी रोपं येतात. याला अपोस्पोरी म्हणतात.

फ्युनारिया हायग्रोमेट्रिका यासाठी सोयीचं, कारण त्याचा सीटा लांब असतो. पेटन्सचा सीटा इतका आखूड की हाताळणं अवघड.

सीटा हिरवा आणि लांबत असताना घ्यायचा, कुपी फुगण्याआधी. तपकिरी झालेल्या सीटाच्या पेशी जाड भिंतीच्या असतात, त्यांतून काही उगवत नाही. टोकावरची टोपी (कॅलिप्ट्रा) चिमट्याने काढून टाकायचीच, आणि सीटाच्या बुडाशी असलेली म्यानही. सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. टोपी आणि म्यान ही आईच्या हिरव्या रोपाची, म्हणजे एकगुणित पेशींची बनलेली असतात, आणि सीटापेक्षा जास्त जोमाने तंतू काढतात. तेच तंतू "द्विगुणित" म्हणून वाढवले जातात आणि महिनाभराने फ्लो सायटोमेट्रीत एकगुणित निघतात.

मग सीटा ०.५ ते १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एखाद-दोन मिनिटं, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुऊन, १ ते २ मिलिमीटरचे तुकडे नॉप माध्यमावर आडवे ठेवायचे. एका लिटरला पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, पोटॅशियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्यांचं) प्रत्येकी २५० मिग्रॅ, कॅल्शियम नायट्रेट (चार पाण्यांचं) १ ग्रॅम, फेरस सल्फेट १२.५ मिग्रॅ, सामू ५.८, अगार १२ ग्रॅमच्या आसपास. कॅल्शियम नायट्रेट शेवटी, पातळ करून घाला, नाहीतर फॉस्फेटबरोबर साका बसतो. साखर अजिबात नको, बुरशीला आमंत्रण. तापमान २३ ते २५ अंश, १६ तास उजेड. दोन-तीन आठवड्यांत कापलेल्या टोकांतून तंतू दिसतात. प्रत्येक तुकड्याचे तंतू वेगळ्या बशीत न्या, एकत्र करू नका.

असं बनवलेलं द्विगुणित रोप बहुधा मोठ्या पेशींचं, मंद वाढणारं आणि कमी फळणारं असतं. ब्रायम सेस्पिटिशियमपासून वेटस्टाइन यांनी बनवलेली द्विगुणित वाण मात्र वर्षानुवर्षं जोपासल्यावर पेशींचा आकार उतरला आणि ती पुन्हा फळू लागली. तिला ब्रायम कोरेन्साय असं प्रजातीचं नावही दिलं गेलं. नुसतं दुपटीकरण म्हणजे प्रजाती नव्हे, त्यानंतर जीनोम सावरावा लागतो, हे त्यात उघड दिसतं.

आर्द्रा

इथे लिंगाचा मुद्दा जोडायला हवा, त्याशिवाय प्रजातीकरण अर्धवट राहतं.

एकलिंगी मॉसमध्ये नर आणि मादी ही वेगवेगळी एकगुणित रोपं. मादीत यू गुणसूत्र, नरात व्ही. एक्स-वाय सारखं इथे कोणी दोन प्रती बाळगत नाही; दोन्ही एकत्र येतात ती फक्त स्पोरोफाइटमध्ये. आता अपोस्पोरी झाली, किंवा अर्धसूत्रण (गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन) फसून द्विगुणित बीजाणू निघाले, तर हिरव्या रोपात यू आणि व्ही दोन्ही येतात. अशी रोपं उभयलिंगी होऊ शकतात हे मार्शाल यांनीच दाखवलं. प्लॅजिओम्नियम मीडियमचे दोन्ही पालक एकलिंगी आणि मीडियम स्वतः द्विलिंगी, त्यामागे हेच आहे. याचा परिणाम फार मोठा. नव्या बहुगुणिताला जोडीदार शोधावा लागत नाही, ते स्वतःच स्वतःला फळवतं आणि पहिल्या पिढीपासून पालकांपासून वेगळं पडतं.

सेराटोडॉन परप्यूरियस या एकलिंगी मॉसचा जीनोम २०२१ साली आला. गुणसूत्रं १३. त्यातली यू आणि व्ही प्रत्येकी १० कोटी बेसपेक्षा मोठी, प्रत्येकीवर ३,४०० हून जास्त जनुकं. जीनोमचा जवळजवळ ३० टक्के भाग लिंगगुणसूत्राचा. उलट स्फॅग्नमचं लिंगगुणसूत्र अगदी चिमुकलं.

हे विश्लेषणात कुठे अडतं? संदर्भ जीनोम नराचा असेल आणि तुमचं रोप मादी असेल, तर यू वरचे रीड्स व्ही वरच्या भावंडजनुकांवर जाऊन बसतात आणि हजारो खोटे फरक दिसतात. यू आणि व्ही दोन्ही असलेला संदर्भ वापरा, आणि आधी प्रत्येक नमुन्याचं लिंग दोन्हींवरच्या खोलीवरून ठरवा. दोन्हींवर पूर्ण खोली मिळाली तर नमुना मिश्र आहे किंवा द्विगुणित आहे. मग मृगसरींची प्रमाणाची कसोटी. वंशवृक्ष काढताना यू-व्ही वगळा. त्यांच्यात पुनर्संयोजन होत नाही, म्हणून सगळी जनुकं मिळून एकच गोष्ट सांगतात आणि संख्येच्या जोरावर बाकी जीनोमला दाबून टाकतात.

दुसरं, संकराचं. प्राण्यांत किंवा सपुष्प वनस्पतींत पहिल्या पिढीचा संकर द्विगुणित असल्यामुळे न जुळणारी जनुकं प्रभावी ॲलीलमागे लपू शकतात. मॉसमध्ये संकरित स्पोरोफाइटचे बीजाणू रुजले की एकगुणित रोपात लपायला जागाच नाही. न्यूयॉर्क आणि इक्वेडोरच्या सेराटोडॉनचा संकर करून काढलेल्या जनुकनकाशात अनेक जागी १:१ चं प्रमाण मोडलेलं दिसलं, आणि संततीत वाढीचे दोषही. एकाच नावाखाली वावरणाऱ्या दोन लोकसंख्या वेगळ्या होण्याच्या वाटेवर किती पुढे गेल्यात हे एका पिढीत मोजता येतं.

म्हणूनच अशा प्रयोगात फक्त जगलेली रोपं मोजू नका. बीजाणू पेरताना मोजून पेरा, सातव्या आणि चौदाव्या दिवशी किती रुजले ते नोंदवा. मेलेले बीजाणू हाच निम्मा निकाल असतो.

कोयनाकाठ

संकर शिकायला पेटन्सच उत्तम. इंग्लंडच्या केंब्रिजशरमध्ये १९६२ साली गोळा झालेल्या नमुन्याच्या एका बीजाणूपासून निघालेली ग्रॅन्सडेन ही जगभर वापरली जाणारी वाण. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं नुसती तुकड्यांनी वाढवल्यामुळे तिचे शुक्राणू कमजोर झालेत, स्वतःहून कुप्या फार कमी धरते. जर्मनीतली रॉयटे वाण मात्र भरघोस फळते. म्हणून ग्रॅन्सडेन आई आणि रॉयटे बाप. दोन्ही शेजारी वाढवा, मग १५ अंश, ८ तास मंद उजेड आणि १६ तास अंधार. साधारण तीन आठवड्यांनी जननेंद्रियं तयार झाली की रोपं बुडतील इतकं निर्जंतुक पाणी एक दिवस ठेवा. पाण्याविना शुक्राणू अंडपेशीपर्यंत पोचत नाही. ग्रॅन्सडेनच्या रोपावर आलेल्या कुप्याच घ्यायच्या, आणि प्रत्येक कुपीचे काही बीजाणू वाढवून मार्कर (दोन वाणांत वेगळी दिसणारी डीएनएतली खूण) १:१ विभागला जातो का ते तपासायचं. तापमान २० अंशांवर गेलं तर जननेंद्रियं नीट धरत नाहीत, ही नेहमीची अडचण.

मृगसरी

स्फॅग्नमबद्दल एक सावधगिरी. २०१८ साली स्फॅग्नम मॅगेलॅनिकम या जगभर पसरलेली म्हणून मानलेल्या प्रजातीच्या तीन झाल्या: स्फॅग्नम डिव्हिनम, स्फॅग्नम मीडियम (वरचं प्लॅजिओम्नियम मीडियम नव्हे) आणि मॅगेलॅनिकम, शेवटचं नाव दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या रोपांना उरलं. त्यामुळे युरोपातल्या "मॅगेलॅनिकम" नावाच्या जुन्या डेटात डिव्हिनम आणि मीडियम दोन्ही असू शकतात. आधी आपला नमुना कोणत्या गटात बसतो ते बघा, मगच तुलना. स्फॅग्नमच्या गुणसूत्रांचा मूळ आकडा १९, आणि ३८ असलेल्या प्रजातींत संकर-बहुगुणित बरेच. नॉर्वेतली ट्रोन्डेलाजिकम ही टेनेलम आणि बाल्टिकम यांच्या संकरातून आलेली; ती तिथल्या एका छोट्या प्रदेशापुरतीच आहे.

निळीशाई

जुनी दुपटीकरणं शोधणाऱ्यांसाठी थोडक्यात. जनुकांच्या जोड्यांतल्या मूक (प्रथिन न बदलणाऱ्या) बदलांचा आलेख एकटा पुरावा म्हणून धरू नका. शेजारी-शेजारी झालेल्या बारक्या प्रतींमुळे खोटे उंचवटे येतात, आणि फार जुनं दुपटीकरण संपृक्ततेत (त्याच जागा पुन्हा पुन्हा बदलल्यामुळे) बुडून जातं. जनुकांचा क्रम दोन गुणसूत्रांवर जुळतो का ते बघा. सेराटोडॉन आणि पेटन्स यांची क्रमवार तुलना केली तेव्हाच मॉसच्या पूर्वजाची ७ गुणसूत्रं पक्की मांडता आली. तुकड्या-तुकड्यांच्या असेंब्लीवर हे जमत नाही, लांब रीड्स लागतातच.

रानहिरवा

आता नमुने गोळा करण्याबद्दल लिहून माझ्याकडून थांबतो, कारण सह्याद्रीत फ्युनारिया सहज मिळतं आणि त्याचे १४, २८ आणि ५६ गुणसूत्रांचे प्रकार जगभरातून नोंदलेले आहेत. आपल्याकडे हे काम सुरू करायला यापेक्षा चांगली प्रजाती नाही.

मॉसची एक उशी म्हणजे एक रोप नव्हे. तळहाताएवढ्या उशीत अनेक बीजाणूंची रोपं, दुसऱ्या प्रजातीचे तंतू, नीलहरित जीवाणू, बुरशी, रोटिफर सगळं असतं. मूठभर उपटून डीएनए काढला तर दोन ॲलील दिसणारच, आणि त्यावरून बहुगुणितता कधीच सिद्ध होणार नाही. एकच रोप घ्या. त्याचा डीएनए पुरत नाही, म्हणून टोकाचे २-३ मिलिमीटर धुऊन नॉप माध्यमावर वाढवा आणि त्या वाढीतून काढा. कुप्या धरलेल्या असतील तर डीएनए काढायच्या भागातून सीटा, कुपी, टोपी सगळं काढून टाका. स्पोरोफाइटचा एवढासा तुकडा गेला तरी बापाची ॲलील मिसळतात.

डीएनएसाठी सीटॅब (पेशी फोडणारं अपमार्जक), २ टक्के पीव्हीपी, मर्कॅप्टोइथेनॉल आयत्या वेळी, ६५ अंशांवर अर्धा-पाऊण तास, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल २४:१ दोनदा. अवक्षेप जेलीसारखा चिकट आला तर ती बहुशर्करा आहे. जास्त मीठ घातलेल्या इथेनॉलने पुन्हा अवक्षेपित करा, नाहीतर लांब रीड्सच्या यंत्रात छिद्रं बुजतात.

गुणसूत्रं मोजायची असतील तर पावसाच्या शेवटी कुपी फुगलेली पण हिरवी असतानाच घ्या आणि जागेवरच तीन भाग इथेनॉल, एक भाग ॲसिटिक आम्लात टाका. पिवळी पडलेल्या कुपीत अर्धसूत्रण उरकलेलं असतं. संरक्षित क्षेत्रात वनखात्याची लेखी परवानगी आधी. प्रत्येक रोपाच्या उशीचा उरलेला भाग वाळवून पाकिटात, त्याच क्रमांकाने, वनस्पतिसंग्रहात द्यायचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत असा संग्रह आहे. पाकिटावर ठिकाण, उंची, जमीन (जांभा, जळकी माती, भिंतीचा चुना) आणि शेजारी कोणती मॉस होती तेही लिहा. संकर झाला असेल तर दुसरा पालक बहुतेक वेळा त्याच शेजाऱ्यांत असतो.